येरझारी करवत

'पाडकाम' हा शब्द कानावर पडला की आमच्या मेहुण्याच्या डोळ्यांत जे तेज चढतं, ते त्याच्या स्वतःच्या लग्नातही मी पाहिलेलं नाही. बांधकामाचं त्याला प्रेम नाही. बांधायला वेळ लागतो, ओळंबा लावावा लागतो, आठवडाभर पाणी मारावं लागतं. पाडायला काय, मनात आलं की शुभमुहूर्त! त्यामुळे आमच्या बाथरूमच्या दाराची चौकट सडल्याची बातमी त्याच्या बहिणीने त्याला फोनवर दिली, तेव्हा पलीकडून आधी "अरेरे" आणि लगेच "मी रविवारी येतो" असे दोन उद्गार आले. दुसऱ्यात जो आनंद होता तो पहिल्यातलं दुःख धुऊन नेणारा होता.

चौकट मात्र खरोखरच सडली होती. आमची डोंबिवलीतली इमारत १९८९ सालची. चौकट त्याच वेळची, सागवानी, चार इंच बाय अडीच इंच. साडेतीन दशकं पाणी पिऊन पिऊन तिचा खालचा वीतभर भाग असा झाला होता की बोट दाबलं तर बोट आत जाई आणि लाकूड बोटाबरोबर बाहेर येई. खालची बिजागरी कशाच्या आधारावर उभी आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. निव्वळ सवयीने उभी असावी. बँकेत मी अशी बरीच माणसं पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

आता चौकट काढणं म्हणजे काय, हे आधी समजून घेतलं पाहिजे. चौकट भिंतीला नुसती टेकलेली नसते. तिच्या दोन्ही अंगांना बहुधा तीन-तीन लोखंडी पट्ट्या असतात. मिस्त्री त्यांना होल्डफास्ट म्हणतात. पट्टीचं एक टोक चौकटीला स्क्रूने बसवलेलं आणि दुसरं भिंतीत काँक्रीटच्या गोळ्यात गाडलेलं. तुम्ही चौकटीला हिसका दिलात की चौकट पट्टीला ओढते, पट्टी काँक्रीटला ओढते, काँक्रीट विटेला आणि वीट तिच्यावरच्या टाइलला. थोडक्यात, कर्जदार बुडाला की जामीनदार, जामीनदाराचा जामीनदार आणि त्याची बायको, सगळे एकाच दोरीने ओढले जावेत तसा हा प्रकार आहे.

हे तांत्रिक ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. ते शेजारच्या अण्णांकडून मिळालं. अण्णांनी गेल्या वर्षी त्यांची चौकट घणाने काढली. त्यांच्या चौकटीलगतची भिंत ही आमच्याही बाथरूमची भिंत आहे. साडेचार इंचांची, म्हणजे अर्ध्या विटेची. तिकडे अण्णांच्या माणसाने "हुं!" म्हणून घाव घातला की इकडे आमची साबणाची वडी खोबणीतून उडी मारी. तिसऱ्या "हुं" ला खोबणीच उडाली. संध्याकाळपर्यंत अण्णांची एक चौकट आणि आमच्या सात टाइल्स निघाल्या होत्या. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा अण्णा धुळीने पांढरे झालेले हात पुसत अत्यंत प्रेमाने म्हणाले, "अहो, पाडकाम म्हटलं की एवढं चालायचंच!"

या 'चालायचंच' शी माझं भांडण आहे आणि हा लेख त्या भांडणासाठी आहे. बँकेत दिवसअखेर पंचवीस रुपये कमी पडले तर "रोख रक्कम म्हटली की एवढं चालायचंच" असं म्हणून मला घरी जाता येत नाही. मग पाडकामाला निराळा हिशेब का? माझं म्हणणं असं की पाडकाम चांगलं झालं की वाईट, हे काय पडलं यावरून ठरत नाही. काय उभं राहिलं यावरून ठरतं. आणि त्यासाठीचं हत्यारसुद्धा त्याच्यात जोर किती यावरून निवडायचं नसतं. आपल्याला हवं तिथे ते थांबतं की नाही, यावरून निवडायचं असतं.

मेहुण्याला हे मान्य नाही. तो एका औषध कंपनीच्या विक्री खात्यात आहे. न पटणारी गोष्ट दुसऱ्याला पटवणं हा त्याचा व्यवसाय आणि पटणारी गोष्ट स्वतःला न पटू देणं हा स्वभाव. रविवारी आल्या आल्या त्याने चौकटीला दोन टिचक्या मारल्या आणि खिशातून फोन काढून मला एक चित्रफीत दाखवली. एक तांबूस दाढीचा अमेरिकन गृहस्थ बंदुकीसारखं यंत्र घेऊन स्वतःच्या स्वयंपाकघराची भिंत कापत होता. यंत्राच्या तोंडातून एक लांबट पातं बाहेर आलेलं, ते भयंकर वेगाने पुढेमागे होत होतं. चार मिनिटांत भिंत आडवी. गृहस्थाने चष्मा काढून आमच्याकडे पाहून स्मित केलं.

"रेसिप्रोकेटिंग सॉ!" मेहुणा म्हणाला.

"काय सॉ?" आमच्या हिने आतून विचारलं. तिने तो शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि शेवटी "ती येरझाऱ्या घालणारी करवत का?" असं म्हणून पोळ्यांकडे गेली. मला नाव पटलं. यंत्राचं सगळं शास्त्र त्यात आलं. गोल करवतीचं चक्र फिरतं; हिचं पातं नुसत्या येरझाऱ्या घालतं, सरकारी कामासाठी गेलेल्या माणसासारखं. फरक एवढाच की हिच्या येरझाऱ्यांनी काम होतं.

या येरझारी करवतीचा जन्म अमेरिकेतला. मिलवॉकी नावाच्या कंपनीने १९५१ साली 'सॉझॉल' या नावाने ती बाजारात आणली. नावाचा अर्थ सरळ आहे, सगळं कापते ती. पण 'सगळं' म्हणजे तिकडचं सगळं, हे लक्षात घ्यावं. अमेरिकेतलं साधं घर लाकडी सांगाड्याचं असतं. सोळा-सोळा इंचांवर उभे लाकडी खांब, त्यांना खिळे आणि वरून अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता. त्या खांबाला ते 'टू बाय फोर' म्हणतात आणि प्रत्यक्षात तो दीड इंच बाय साडेतीन इंच भरतो. ही गोष्ट कळली तेव्हा २००८ साली तिकडच्या बँका का बुडाल्या, याचा मला थोडासा उलगडा झाला. असो. मुद्दा असा की लाकूड आणि त्यात घुसलेला खिळा एकाच दमात कापायला ही करवत जन्मली. साध्या करवतीचे दात खिळ्यावर जातात, लोखंडाच्या हॅक्सॉचा जीव लाकडात गुदमरतो. हिला दोन्ही चालतं.

आपल्या भिंतीत लाकूडही नाही आणि खिळेही नाहीत. आहे ती वीट, सिमेंट, काँक्रीट आणि काँक्रीटच्या पोटात सळई. म्हणून अमेरिकन गृहस्थाचा चार मिनिटांचा पराक्रम पाहून जो डोंबिवलीत करवत घ्यायला निघतो, तो बर्फात घसरण्याच्या फळ्या बघून माथेरानला जातो असं समजावं. पण म्हणून ही करवत आपल्याकडे निरुपयोगी आहे का? मुळीच नाही! आपल्या घरातही ती जिथे चालते अशा जागा आहेत. सडलेली चौकट, तिच्या मागच्या होल्डफास्टच्या पट्ट्या, गंजलेला जीआय पाइप, खिडकीची जुनी लोखंडी जाळी, माळ्याच्या लाकडी फळ्या, गच्चीत घुसलेली आंब्याची फांदी. जिथे दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या आहेत आणि त्यांतली एकच काढायची आहे, तिथे घण दोघींना मारतो. करवत मधला दुवा तेवढा कापते. माझा सगळा वाद या एका वाक्यात आहे.

"म्हणजे घ्यायची ना?" मेहुण्याने वादातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. "मग मोठी घेऊ. दीड हजार वॉट."

इथे मला माझ्या दुसऱ्या शत्रूकडे वळायला हवं. अण्णा हे घणाचे भक्त, तर मेहुणा वॉटचा. दुकानात गेलं की हे वॉटभक्त पहिला प्रश्न विचारतात, "किती वॉट?" आणि दुकानदारही पंखा असो, मिक्सर असो वा करवत, त्याच आकड्याने उत्तर देतो. पण वॉट म्हणजे काय? यंत्र वीज किती खातं, तो आकडा. किती खातो यावरून माणसाचं काम मोजायचं असतं, तर आमच्या शाखेत बढत्या कॅन्टीनच्या बिलावरून द्याव्या लागल्या असत्या. खाल्लेल्यातलं काही कामाला लागतं, काही उष्णतेत जातं, काही नुसत्या थरथरीत.

आणि अमेरिकन मंडळी तर वॉटही सांगत नाहीत, अँपिअर सांगतात. मेहुण्याचा साडू न्यू जर्सीत असतो. तो दिवाळीला येताना आपली जुनी करवत घेऊन आला. तिच्यावर '१५ अँपिअर' असं लिहिलेलं. मेहुणा हर्षभराने म्हणाला, "भावोजी, दुकानातली जेमतेम पाच अँपिअर घेते. ही तिप्पट!" मी कॉमर्सचा पदवीधर. विजेतलं मला काही कळत नाही, पण गुणाकार कळतो. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. पंधरा गुणिले १२० म्हणजे १८००. पाच गुणिले २३० म्हणजे साडेअकराशे. तिप्पट कुठली, दुप्पटसुद्धा नाही. शिवाय ती करवत आपल्या भिंतीतल्या प्लगला सरळ लावली तर दुप्पट व्होल्टांनी जळून जायची. तिला मध्ये दोन हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा आणि तो उचलायला वेगळा माणूस हवा. करवत चार किलोची, तिचा पालक तिच्या कितीतरी पट जड. साडूची भेट तूर्त मेहुण्याच्या शोकेसमध्ये आहे, लग्नातल्या चांदीच्या ताटाशेजारी.

मग विचारायचं काय? हे मी दोन शनिवार दुकानदाराचं डोकं खाऊन शिकलो. वाचकांनी आयतं घ्यावं.

पहिलं, येरझारीची लांबी. पातं एका खेपेला किती पुढेमागे जातं? आपल्याकडे मिळणाऱ्या हजार-अकराशे वॉटच्या वायरवाल्या यंत्रांत ती २८ मिलिमीटरच्या आसपास असते. छोट्या बॅटरीवाल्यांत २० किंवा त्याच्या आगेमागे. खेप लांब असली की जाड लाकूड लवकर कापलं जातं आणि भुसाही बाहेर पडतो. पण कोपऱ्यात, पाइपाच्या मागे, हात जेमतेम शिरतो अशा जागी आखूड खेपच बरी. तेव्हा लांब म्हणजे चांगलं, असंही नाही. काम कुठे आहे ते आधी बघा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं, घोड्यावर ताबा. म्हणजे यंत्राचा खटका जितका दाबाल तितकाच वेग, असं आहे की नाही? मिनिटाला शून्यापासून पावणेतीन-तीन हजार येरझाऱ्यांपर्यंत हळूहळू चढता आलं पाहिजे. लाकडाला वेग चालतो. लोखंडाला वेग दिलात तर पात्याचे दात तापतात आणि मऊ पडतात. सुरुवात तर नेहमी हळूच करायची. पातं आपली खाच पाडून बसलं की मग वेग. जे यंत्र एकतर बंद नाहीतर एकदम तीन हजार, ते मला फुकट दिलं तरी नको. असा एक मॅनेजर आमच्या शाखेला लाभला होता. दोन वर्षांत पाच जणांनी बदल्या मागितल्या.

तिसरं, यंत्राच्या तोंडाशी असलेला बूट. ही एक लोखंडी टेकणी असते. ती कामावर घट्ट टेकवून धरायची असते, कारण पात्याचे दात बहुतेक मागे येताना कापतात आणि त्या ओढीने काम बुटावर दाबलं जातं. बूट टेकवला नाही तर करवत लाकूड कापायच्या ऐवजी धरणाऱ्यालाच हलवते. चित्रफितीतल्या गृहस्थाने बूट टेकवलेला होता. मेहुण्याने दुकानात करवत हातात घेतली ती टेकवायच्या विचाराने नाही. तो तिचा नेम धरून उभा राहिला आणि दुकानातलं एक गिऱ्हाईक बाहेर गेलं.

चौथं, पातं हाताने, किल्ली न शोधता बदलता येतं का? कारण किल्ली हरवतेच आणि मग माणूस लाकडाच्या पात्याने लोखंड कापायला बसतो.

आता पात्यांकडे येतो. येरझारी करवतीत यंत्र हे केवळ हमाल आहे. कसब पात्याचं. दुकानात यंत्रावर अर्धा तास घासाघीस करणारी माणसं पात्याचं पाकीट मात्र "द्या कुठलंही" म्हणून घेतात. हे म्हणजे घोड्यावर लाख रुपये घालून नवरदेव "मिळेल तो" आणण्यासारखं आहे! एका इंचात दात किती, यावर सगळं आहे. खिळेवालं लाकूड असेल तर सहा ते दहा दातांचं पातं. होल्डफास्टच्या पट्टीला चौदा. पातळ पत्र्याला अठरा किंवा जास्त. हिशेब असा की धातूच्या जाडीत निदान तीन दात एका वेळी रुतले पाहिजेत. एकच दात अडकला की तो मोडतो. पातं बायमेटलचं घ्यावं. त्याचे दात कठीण पोलादाचे आणि पाठ लवचीक पोलादाची असते. म्हणजे चावतं पण मोडत नाही. अशी सून फार भाग्याने मिळते, असं आमच्या आईचं मत आहे. अर्थात पात्याबद्दल.

आणि पात्याची लांबी? चौकटीचं लाकूड चार इंच. त्यात येरझारी सव्वा इंचाच्या आतबाहेर. शिवाय पात्याचा काही भाग बुटात आणि पकडीत जातो. म्हणजे सहा इंची पातं अपुरं पडतं, नऊ इंची हवं. मग बारा इंची घेतलं तर बिघडलं कुठे? बिघडलं पलीकडे! जास्तीचं टोक मागच्या भिंतीवर आपटतं, यंत्र उलट लाथ मारतं आणि मागे लपवलेली वायर किंवा पाण्याचा पाइप असेल तर वीज आणि पाणी यांचा परस्पर परिचय होतो. पातं कामाच्या पार जावं, पण शेजाऱ्याच्या घरी जाऊ नये.

इथे आमचा सुतार हसला. हा माझा तिसरा विरोधक आणि तिघांत एकटाच शहाणा. तो म्हणाला, "साहेब, एका चौकटीसाठी मशीन कशाला? हॅक्सॉचं नुसतं पान फडक्यात धरून मी सहा पट्ट्या कापून देतो. दिवस लागंल, पण टाइल हलायची नाही." हे खरं आहे आणि मी ते मान्य करतो. ज्याच्याकडे एकच चौकट आहे त्याने यंत्र घेऊ नये. भाड्याने मिळालं तर बघावं, नाहीतर चांगला सुतार आणि एक दिवसाची मजुरी यांच्यासारखं स्वस्त यंत्र जगात नाही. पण माझ्याकडे दोन चौकटी, गॅलरीची गंजलेली जाळी आणि मोरीतला जीआयचा पाइप होता. मेहुण्याकडेही तेवढंच होतं. आम्ही निम्मे-निम्मे पैसे घातले. अकराशे वॉटची, खटक्यावर वेग चढणारी, वायरवाली करवत आणली. बॅटरीवाली नाही घेतली, कारण वर्षातून चार वेळा वापरायच्या यंत्राची बॅटरी उरलेले तीनशे एकसष्ट दिवस कपाटात बसून म्हातारी होते आणि तिची किंमत यंत्राच्या किमतीला लाजवते. आणि करवत चालवायला दिली सुताराला. मेहुणा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

काम असं झालं. आधी मुख्य नळ बंद केला. बाथरूमची वीज मेनमधून बंद केली आणि करवतीला वायर हॉलमधल्या सोळा अँपिअरच्या प्लगमधून आणली. सुताराला चष्मा, जाड हातमोजे आणि तोंडाला मास्क दिला. चष्मा त्याने कपाळावर चढवला. आमच्या हिने तो खाली ओढून डोळ्यांवर बसवला आणि काम संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग त्याने चौकटीच्या दोन्ही उभ्या अंगांना मधोमध तिरका काप दिला, पहारीने तुकडे सुटे केले आणि पट्ट्या उघड्या पडल्या तसं चौदा दातांचं पातं बसवून हळू वेगावर एकेक कापली. पट्टी भिंतीत राहिली तेवढी राहिली. तिने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. सहा पट्ट्या, चहासकट अडीच तास. एक टाइल फुटली, तीही पहारीने. अण्णा दारात उभे राहून शेवटपर्यंत बघत होते. त्यांच्या बाजूची साबणाची वडी जागच्या जागी होती. "आवाज फार करते," एवढंच म्हणाले. तोही आक्षेप खरा आहे. कानात इअरप्लग घालावेत. आता तिथे ग्रॅनाइटची चौकट आहे. ती सडणार नाही, असं मिस्त्री म्हणतो. १९८९ साली सागवानाबद्दलही असंच म्हणाले असतील.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण यंत्र घरात आलं की ते आपलं काम शोधू लागतं आणि काम सापडलं नाही तर मेहुणा शोधून देतो. करवतीच्या पहिल्याच आठवड्यात त्याला कल्याणच्या त्याच्या घरात 'ओपन किचन' हवंसं वाटू लागलं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढायची. "नुसती भिंत आहे, भावोजी. पार्टिशन. आणि विटेवर चालणारी कार्बाइड दातांची पातीसुद्धा मिळतात!"

आता मी थोडा गंभीर होतो. वाचकांनी क्षमा करावी. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चारमजली इमारत कोसळली. सतरा माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. तिथेही पहिल्या दिवशी कुणीतरी "नुसती" हा शब्द उच्चारला असेल, असं मला राहून राहून वाटतं. नुसती भिंत, नुसता खांब, नुसता एक कोपरा. भिंत नुसती आहे की डोक्यावर स्लॅब घेऊन उभी आहे, हे टिचकी मारून कळत नाही. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा रचनात्मक तपासणी सांगितली आहे. सभेत हा विषय निघाला की आपण "खर्च किती?" विचारतो आणि पुढच्या विषयाकडे, म्हणजे पार्किंगकडे, वळतो.

मी मेहुण्याला एकच अट घातली. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव, सोसायटीची लेखी परवानगी घे, मग करवत ने. इंजिनिअर आला. त्याने नकाशा मागितला, भिंतीची जाडी मोजली. नऊ इंच भरली. वरच्या मजल्यावर जाऊन तिथेही तीच भिंत आहे का पाहून आला. मग त्याने विचारलं, "ही काढायची ठरवली होतीत?" मेहुण्याने "छे, छे, सहज विचारत होतो" असं म्हणून त्याला चहा दिला. त्या इमारतीत खांब नावालाच होते. वरच्या तीन मजल्यांचा भार त्या 'नुसत्या' भिंतीच्या डोक्यावर होता आणि त्या तीन मजल्यांवर बारा बिऱ्हाडं रात्री निर्धास्त झोपत होती. मेहुण्यासकट तेरा.

त्या दिवसापासून मेहुणा बराच शांत आहे. परवा मात्र त्याने गच्चीवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचा विषय काढला. "ते तर भिंत नाहीत ना?" मी त्याला सांगितलं, त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, करवत लागली की त्याचे तंतू हवेत उडतात आणि छातीत जाऊन बसतात. ते कापायचे नसतात, जाणकाराकडून अखंड उतरवायचे असतात. तो म्हणाला, "भावोजी, तुमच्याशी कुठली गोष्ट पाडायची सोयच नाही!" ही मी शाबासकी समजतो.

तरीपण निम्मे पैसे त्याचे आहेत. करवत वर्षातले सहा महिने त्याच्याकडे असावी, हा त्याचा हक्क मला नाकारता येईना. या पेचातून मला शेवटी माझ्या धंद्यानेच सोडवलं. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. दोघं हजर असतील तरच दार उघडतं. या पद्धतीने आजवर कितीतरी बँका आणि त्याहून जास्त कॅशिअर वाचले आहेत.

तेव्हा आमच्यात असं ठरलं आहे. करवत मेहुण्याकडे. पाती माझ्याकडे.